जे मूल झालंच नाही, त्याचं दुःख

माणूस गेलं की एक तारीख उरते. लोक भेटायला येतात, ऑफिसातून रजा मिळते, निदान काही दिवस तरी कुणी 'आता सावर' म्हणत नाही. मूल हवं होतं आणि झालं नाही, याला अशी तारीख नसते. नक्की कुठल्या दिवशी झालं नाही? पस्तिशी उलटली त्या दिवशी? तिसऱ्यांदा केलेलं आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन करायचा उपचार, फसलं तेव्हा? पाळी कायमची गेली तेव्हा? की जोडीदाराने जेवताजेवता 'मला खरं तर मूल नकोच आहे' असं सांगून टाकलं त्या रात्री? दर महिन्याला एक लहानसं 'नाही' येत राहतं, आणि त्यातलं शेवटचं कुठलं हे त्या वेळी कळत नाही.

मनाविरुद्ध मूल नसलेल्या बाईचं दुःख एवढं चिवट का, याचं बरंचसं उत्तर या न सापडणाऱ्या तारखेत आहे. जे संपलं असं कुणी सांगितलेलंच नाही, त्याचा शोक सुरू तरी कधी करायचा?

'मूल नाही' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच दवाखाना येतो. ते अगदीच चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. वर्षभर नियमित संबंध ठेवून, कुठलंही साधन न वापरता दिवस राहिले नाहीत तर त्याला वंध्यत्व म्हणायचं, अशी त्यांची व्याख्या. यातल्या अनेकांना पुढे मूल होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. कारण शोधायला गेलं तर जवळजवळ निम्म्या जोडप्यांत अडचण एकट्या पुरुषात किंवा दोघांतही सापडते, आणि काही जोडप्यांत सगळ्या तपासण्या होऊनही काहीच सापडत नाही. तरी 'काय प्रॉब्लेम आहे?' हे विचारलं जातं बाईलाच.

पण मूल नसलेली प्रत्येक बाई दवाखान्याच्या वाटेने आलेली नसते. कुणाला वेळेत जोडीदारच भेटला नाही. कुणाचा जोडीदार 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहिला. कुणी आजारी आईवडिलांचं करता करता चाळिशी ओलांडली. कुणाच्या कर्करोगावरच्या उपचारांत बीजकोश निकामी झाले, कुणाची पाळी अकाली थांबली. यांतल्या ज्यांच्याकडे दाखवायला रिपोर्टांची जाड फाइल नसते, त्यांची पंचाईत जास्त. 'तू प्रयत्न तरी कुठे केलास?' हे त्यांना तोंडावर ऐकवलं जातं, आणि हळूहळू त्याही स्वतःला तेच विचारू लागतात. माझ्या मते वेदनेला असं पात्रतेचं प्रमाणपत्र मागणं ही या विषयातली सर्वांत वाईट खोड आहे, आणि ती मूल नसलेल्या बायकांमध्ये आपापसांतही असते.

नेमकं काय गेलं?

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक 1970 च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करत होत्या. नवरा मेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर घरात नाही. अशा घरांतल्या बायका वर्षानुवर्षं जागच्या जागी अडकून पडतात, हे त्यांनी पाहिलं आणि अशा हानीला 'संदिग्ध हानी' असं नाव दिलं. पुढे इतर अभ्यासकांनी हीच कल्पना मूल न होण्यालाही लावली. इथे हरवलेलं माणूस जगाच्या हिशेबात कधी अस्तित्वातच नव्हतं. पण त्या बाईच्या मनात ते होतं. त्याचं नाव ठरलेलं होतं, कधीकधी दोन: मुलगी झाली तर हे, मुलगा झाला तर ते. ते नाव नंतर दुसऱ्या कुणाच्या मुलाला ठेवलं गेलं की पोटात काय होतं, हे ती कुणाला सांगणार?

शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. काही दुःखं अशी असतात की समाज त्यांना दुःख म्हणून मान्यताच देत नाही. त्यामुळे रडायचा हक्क नाही, सांत्वन नाही, सवलत नाही. अपत्यहीन बाईचं दुःख या प्रकारात ठळकपणे बसतं. डॉक्टरांच्या पुस्तकांतही त्याची सोय नाही. लांबलेल्या शोकाचा विकार अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत 2022 मध्ये आला, पण त्यासाठी जवळचं माणूस मरण पावलेलं असावं लागतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एकच गोष्ट गेली: मूल. आतून बघितलं तर गेलेल्या गोष्टी कितीतरी असतात, आणि त्या एकदम जात नाहीत, हप्त्याहप्त्याने जातात. पोटात काहीतरी हलल्याचा अनुभव. आपल्या आईचं नाक पुन्हा एखाद्या लहान चेहऱ्यावर बघणं. नवऱ्याला कुणाचातरी बाबा झालेलं बघणं, आईवडिलांना आजीआजोबा करणं. समवयस्क बायका शाळाप्रवेशावर तासभर बोलतात, त्या बोलण्यात शिरायला जागा. स्वतःच्या शरीरावरचा भरवसा. आणि आपण म्हातारपणी कशा असू याचं मनातल्या मनात काढून ठेवलेलं चित्र. म्हणूनच एखादी बाई एका गोष्टीतून सावरते आणि चार वर्षांनी भलत्याच गोष्टीवर कोसळते. ती मागे गेलेली नसते. पुढचा हप्ता आलेला असतो.

याचा भार किती असतो? ॲलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या बायकांची तुलना इतर आजारांच्या रुग्णांशी केली. मानसिक त्रासाच्या चाचणीत या बायकांचे गुण कर्करोगाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांच्या बरोबरीचे निघाले. 'एवढं काय त्यात' म्हणणाऱ्या नातेवाइकांना ही गोष्ट शांतपणे सांगायला हरकत नाही.

आशा नावाची अडचण

25 जुलै 1978 ला लुईस ब्राउन जन्मली. शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेलं जगातलं ते पहिलं मूल. त्याआधी डॉक्टर एका टप्प्यावर 'आता काही करता येणार नाही' म्हणायचे. ते ऐकणं भयंकर होतं, पण तो एक शेवट होता. त्यानंतर आयव्हीएफ रुळलं, 1992 मध्ये एकच शुक्रजंतू थेट बीजात सोडायच्या इक्सी तंत्राने झालेल्या गर्भधारणांची नोंद झाली, दुसऱ्या बाईचं बीज वापरणं शक्य झालं, भ्रूण गोठवून ठेवणं नेहमीचं झालं. लाखो घरांत यामुळे मुलं आली, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्यांच्या घरात आली नाहीत, त्यांच्यासाठी 'नाही' या शब्दाच्या जागी 'अजून एकदा करून बघू' हे वाक्य आलं. थांबायचं कधी, हे आता निसर्ग किंवा डॉक्टर ठरवत नाही. बाईलाच ठरवावं लागतं. आणि जी थांबते तिला आयुष्यभर वाटत राहतं, कदाचित पुढच्या खेपेला झालं असतं.

हे जवळून बघायचं तर एक साधा फोन पुरे. समजा, एका बाईचे उपचार थांबून बराच काळ लोटलाय. औषधं संपली, गोठवलेलं काही उरलं नाही. पण पाळीच्या तारखा ठेवणारं ॲप अजून फोनमध्ये आहे. महिन्यातून एकदा ते इमानेइतबारे सूचना पाठवतं: आजपासून पाच दिवस अनुकूल. ती मीटिंगमध्ये असते. स्क्रीन उजळते, ती अंगठ्याने सूचना बाजूला सारते आणि समोरच्या तक्त्याकडे बघत राहते. ॲप काढून टाकायला पाच सेकंद लागतील. पण ते केलं तर शेवट आपण आपल्या हाताने केला, असं होईल. म्हणून ते राहतं. आणि पाळीला दोन दिवस उशीर झाला की तिचं डोकं पुन्हा तारखा मोजायला लागतं, नको म्हटलं तरी.

'आशा सोडू नकोस' हे वाक्य लोक प्रेमानेच बोलतात. पण एका टप्प्यानंतर त्याच्याइतकं निर्दय वाक्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा अर्थ एवढाच होतो की तू अजून वाट बघत बस, म्हणजे आम्हाला तुझं दुःख बघावं लागणार नाही.

या म्हणण्याला संशोधनाचा थोडा आधारही आहे. सोफिया गामेइरो आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या सात हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बायकांनी 11 ते 17 वर्षांपूर्वी वंध्यत्वावर उपचार घेतले होते. ज्यांना मूल नव्हतं आणि मुलाची इच्छा तशीच धगधगत होती, त्यांच्यात मानसिक आरोग्य बिघडल्याची शक्यता, मूल नसूनही ती इच्छा मावळलेल्या बायकांपेक्षा 2.8 पट होती. ज्यांना मूल होतं पण आणखी हवं होतं, त्यांच्यातही ती वाढलेली दिसली, सुमारे दीडपट. म्हणजे मूल असणं-नसणं ही एकच गोष्ट मनाचं भवितव्य ठरवत नाही, 'अजून हवंच आहे' ही ओढ किती शिल्लक आहे यावर बरंच काही असतं. अर्थात कशामुळे काय, हे अशा अभ्यासातून छातीठोक सांगता येत नाही. मन आधीच खचलेलं असेल तर इच्छा सोडणंही जड जातं.

शिवाय इच्छा ही काही बटण दाबून बंद करायची गोष्ट नाही. मग करायचं काय?

स्वीकारणं म्हणजे काय

गामेइरो यांनीच फिनिगन यांच्याबरोबर 2017 मध्ये या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. ज्या बायकांचं आणि पुरुषांचं पुढे बरं चाललं, त्यांच्यात तीन गोष्टी दिसतात असं त्या मांडतात: मूल होणार नाही हे स्वीकारणं, घडलं त्याचा स्वतःपुरता अर्थ लावणं, आणि आयुष्यात दुसरं काहीतरी हवंसं वाटणं.

गंमत अशी की भोवतालची माणसं तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतात. 'एखादा छंद लाव', 'फिरून या दोघं', 'आता करिअरवर लक्ष दे'. पहिलीला हात न लावता तिसरी अंगावर घेतली तर ती वेळ भरून काढण्यापुरतीच राहते. बाई कामात बुडते, लोक म्हणतात किती छान सावरली, आणि रात्री अकरानंतर सगळं जिथल्या तिथे असतं.

स्वीकारणं म्हणजे 'बरं झालं' म्हणणं नाही, 'माझ्या नशिबातच नव्हतं' म्हणून गप्प बसणंही नाही. 'हे असं आहे, आणि हे बदलणार नाही' एवढंच वाक्य मनात टिकवता येणं, म्हणजे स्वीकारणं. सुरुवातीला ते दहा सेकंदही टिकत नाही. तारीख नसल्यामुळे अडलेलं असतं, म्हणून अनेकींना स्वतःच एक तारीख ठरवून उपयोग होतो. उपचार चालू असतील तर पुढची खेप सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावं: माझ्या वयाला, माझ्या रिपोर्टांना धरून खरी शक्यता किती? तुमच्या मते कुठे थांबावं? थांबायचं ठरल्यावरही एकदा त्यांच्यासमोर बसून काय झालं, काय होऊ शकलं नाही हे ऐकून घ्यावं. अर्धवट सुटलेली फाइल डोक्यात उघडीच राहते. कुणी न झालेल्या मुलाला पत्र लिहितं, कुणी ठरवलेलं नाव एका कागदावर लिहून जपून ठेवतं, कुणी एक दिवस रजा काढून एकटीच कुठेतरी जाऊन येते. बाहेरच्याला यात नाटक वाटेल. पण ज्या हानीला जगाने निरोपाची कुठलीच रीत दिली नाही, तिच्यासाठी रीत आपली आपण करावी लागते.

इथे शोकाच्या पाच पायऱ्यांचं जे चित्र सगळीकडे फिरतं, त्याबद्दल दोन शब्द. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार: एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये हे मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. शोक करणारी प्रत्येक व्यक्ती एकेक पायरी चढत वर पोचते, असा त्याचा अर्थ घेऊ नये. 1999 मध्ये श्ट्रोबे आणि शुट या शोकाच्या अभ्यासकांनी मांडलेलं चित्र मला जास्त खरं वाटतं: माणूस दुःखात बुडण्याच्या आणि रोजच्या जगण्याला लागण्याच्या मध्ये येजा करत राहतो, आणि दोन्ही गोष्टी लागतात. सकाळी प्रेझेंटेशन उत्तम झालं आणि संध्याकाळी दुकानात लहान मोजे बघून रडू आलं, तर दोन्ही खरं.

आणि दोन खोटी वाक्यं एकदाची निकालात काढू. 'टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल.' जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 14 अभ्यासांतल्या 3,583 बायकांची माहिती एकत्र पाहिली. उपचाराआधीच्या ताणाचा आणि आयव्हीएफच्या त्या खेपेच्या यशापयशाचा संबंध दिसला नाही. म्हणजे तू जास्त काळजी केलीस म्हणून फसलं, हे तिच्या माथी मारायचं कारण नाही. दुसरं वाक्य: 'दत्तक घे, मग स्वतःचंही होईल.' असं घडलेलं एखादं जोडपं प्रत्येकाच्या ओळखीत असतं, कारण तीच गोष्ट सांगितली जाते, न घडलेल्यांची कुणी सांगत नाही. दत्तक हा पालक होण्याचा पूर्ण मार्ग आहे, पण ते दुःखावरचं औषध नाही. येणाऱ्या मुलाने स्वतःही काहीतरी गमावलेलं असतं. त्याच्यावर आणखी कुणाची पोकळी भरायचं काम टाकू नये.

माणसांचं काय करायचं

मैत्रिणीची गोड बातमी हा सगळ्यांत अवघड प्रसंग, कारण त्यात आनंद आणि मत्सर एकाच क्षणी येतात आणि मत्सराची लाज वाटते. मत्सर वाटला म्हणजे मैत्रिणीचं वाईट चिंतलं असं नव्हे. जे तिला मिळालं ते मलाही हवं होतं, एवढंच मन सांगत असतं. बातमी देणाऱ्या मैत्रिणीसाठी एक सूचना: समोरासमोर किंवा फोनवर सांगण्यापेक्षा आधी मेसेज करा. 'तुला इतरांच्या आधी सांगावंसं वाटलं. लगेच उत्तर द्यायची गरज नाही, तुला जमेल तेव्हा बोलू.' असा मेसेज आला की पहिली दहा मिनिटं तिची तिला मिळतात. चेहरा सावरायला तेवढी पुरतात. तिला न सांगणं, किंवा सगळ्यात शेवटी सांगणं, हे मात्र जास्त लागतं.

'मुलं किती?' या प्रश्नाला उत्तर आधीच तयार ठेवावं. परक्यासाठी 'नाहीत' आणि लगेच त्यांना उलट एखादा प्रश्न. ओळखीच्यांसाठी 'हवं होतं, झालं नाही. त्यावर बोलायला मला आवडत नाही.' आणि खऱ्या जवळच्या माणसासाठी सगळं. कुणाला किती सांगायचं हे आपण ठरवलं की प्रश्नाची धार कमी होते. 'अगं, अजून वेळ गेलेली नाही' असं कुणी म्हटलंच, तर 'माझ्यासाठी गेली आहे' हे उत्तर सभ्यही आहे आणि पुरेसंही.

घरातल्या जोडीदाराचं दुःख बहुधा वेगळ्या वेगाने चालतं. ती बोलून मोकळी होते, तो बोललं तर तिला आणखी त्रास होईल म्हणून गप्प बसतो, आणि तिला वाटतं याला काहीच वाटत नाही. यावर एक साधा उपाय आहे: ठरावीक वीस मिनिटं या विषयाला द्यायची, त्यात दोघांनीही बोलायचं, आणि वेळ संपली की विषय बंद. न बोलणाऱ्याला शेवट दिसतो म्हणून तो बोलतो. बोलणाऱ्याला खात्रीची वेळ मिळते म्हणून दिवसभर तोच विषय निघत नाही. तारखा बघून ठेवलेल्या संबंधांनी शरीराची जवळीक कोरडी पडलेली असते, ती परत यायलाही वेळ लागतो. एकट्या बाईच्या वाट्याला तर ही वीस मिनिटंही नसतात. तिच्यासाठी अशाच अनुभवातून गेलेल्या बायकांचा गट फार मोलाचा ठरतो, कारण तिथे सुरुवातीपासून समजावत बसावं लागत नाही.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कामावर जाणं अशक्य झालं, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर ते नुसतं दुःख समजून सोसत राहू नये. डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर त्याच दिवशी.

पुढची वर्षं

वीर्टबेरी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये स्वीडनमधल्या 14 बायकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांचे उपचार अयशस्वी होऊन वीस वर्षं झाली होती. काहीजणींनी आयुष्य नीट उभं केलेलं होतं. पण समवयस्क बायका आजी होऊ लागल्या तेव्हा जुनं दुखणं पुन्हा वर आलं, हे त्यांच्या बोलण्यात ठळकपणे आलं. ही माहिती घाबरवायला नाही. पन्नाशी-साठीत अचानक पुन्हा रडू आलं तर 'माझं काहीतरी बिघडलं, इतकी वर्षं वाया गेली' असं वाटू नये, म्हणून. तेव्हाही हा पुढचा हप्ताच असतो, आणि पहिल्या खेपेपेक्षा तो लवकर ओसरण्याची शक्यता बरीच असते, कारण ते काय आहे हे आता माहीत असतं.

म्हातारपणी कोण, ही भीती मात्र नुसत्या समजुतीने जात नाही, तिला कामाने उत्तर द्यावं लागतं. मुलं असलेल्यांनाही त्याची हमी नसते, पण ते गृहीत धरून चालतात. मूल नसलेली बाई गृहीत धरू शकत नाही, म्हणून तिने हे लवकर करावं: मृत्युपत्र लिहावं, बँकेत आणि विम्यात नॉमिनी नोंदवावा, आपण शुद्धीत नसलो तर उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा हे कायदेशीर कागदावर आणावं, आणि आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या दोन-तीन माणसांशी नातं जपावं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'तातडीच्या वेळी संपर्क' या रकान्यात ज्याचं नाव लिहायचं, त्याला आजारी पडण्याआधीच विचारून ठेवावं.